कंट्रोल रूममधल्या गीतांजलीचा सत्कार

गीतांजली अढाऊ अकोल्याच्या पोलीस कंट्रोल रूममध्ये फोनवर बसते; ही गोष्ट घडली तेव्हा तिला तिथं चार वर्षं झाली होती. एकशे बारा नंबरावर केलेला फोन आधी दूरच्या एका मोठ्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याकडे येतो, आणि मग तिच्यासारखं कोणीतरी त्या माणसाशी बोलून जवळची गाडी तिकडं पाठवतं. बहुतेक फोन भांडणाचे, अपघाताचे, दारू पिऊन रस्त्यात पडलेल्यांचे. तिचं माहेर बार्शीटाकळीचं. नवरा किशोर मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, मुलगी आचल तेव्हा सातवीत होती. भीती तिला आधीही वाटायची, पण ती फोनवरच्या माणसासाठी. ड्युटी संपवून स्कूटीला किल्ली लावली की ती भीती मागं राहायची. सत्कार झाल्यापासून ती मागं राहीना.

ज्या फोनमुळे सत्कार झाला तो मे महिन्यातल्या एका दुपारी अडीच वाजता आला. फोन करणाऱ्या बाईचं खरं नाव मी लिहिणार नाही, तिच्या गावाचंही नाही; तिच्या घरच्यांची नावं आणि ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. तिला आपण मनकर्णा म्हणू. असं नाव आता कोणी ठेवत नाही, त्यामुळं ते कोणाला लागणार नाही.

स्क्रीनवर केंद्रातून एवढंच आलं होतं: महिला, बोलत नाही, श्वासाचा आवाज, फोन बंद. नकाशावर बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका टॉवरभोवती मोठं वर्तुळ दिसत होतं आणि त्या वर्तुळात सात-आठ गावं होती. आता उलटा फोन गीतांजलीनं लावायचा होता. तिचा हात माउसवर थांबला. तिकडं घंटी वाजली आणि मारणारा माणूस शेजारच्याच खोलीत असला तर?

बाजूच्या खुर्चीवर हवालदार वाहेदभाई बसले होते. रिटायर व्हायला त्यांना दोन वर्षं राहिली होती. त्यांनी स्क्रीन पाहिली.

"लाव, ताई," ते म्हणाले. "नाई लावला तं गाडी कुठं पाठवशील?"

तिनं लावला. अर्धी घंटीही पुरी झाली नाही, फोन उचलला गेला. पलीकडं कोणी बोलत नव्हतं. श्वास मात्र ऐकू येत होता, तोंडावर पदर धरल्यासारखा.

"मी पोलीस कंट्रोल रूममधून गीतांजली बोलून राहिली," ती अगदी हळू म्हणाली. "बोलता येत नसंन तं बोलू नका, बाई. माहं म्हणणं बरोबर असंन तं फोनवर नखानं एक टिचकी मारा. नसंन तं काहीच करू नका."

थोडा वेळ गेला. मग आवाज आला. टक.

"कोणी मारून राहिलं काय?"

टक.

"नवरा?"

टक.

"हातात काही हाय त्याच्या?"

टक.

"घरात लेकरू हाय?"

या प्रश्नाला बराच वेळ लागला. मग टक.

गीतांजलीनं वर्तुळातल्या गावांची नावं एकेक करून घेतली. ही गावं तिनं लहानपणी बापाच्या सायकलवर बसून पाहिलेली होती. चार नावांना काही आलं नाही, पाचव्याला टिचकी आली. वाहेदभाईंनी लगेच वायरलेसवर गाडीला गाव सांगितलं. गाव मोठं होतं, घर सापडायला हवं होतं. "शाळेजवळ? मारुतीजवळ? पाण्याच्या टाकीजवळ?" टाकीला टिचकी आली.

गाडीला बावीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात तिला एका माणसाचा आवाज ऐकू आला, "बाहेर निघ," आणि लाकडावर काहीतरी आदळल्याचा. ती बाई टिचक्या मारत राहिली, प्रश्न नसतानाही मारत राहिली. एकाएकी फोन पडला आणि त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही. गीतांजलीनं फोन बंद केला नाही. कानाला लावून ती बसून राहिली.

वायरलेसवर शेवटी खरखर झाली. "बाई जिवंत हाय. लेकरू जिवंत हाय. आरोपी ताब्यात."

मनकर्णाच्या खांद्यात कुऱ्हाडीचा घाव होता. तीन वर्षांच्या पोरीला तिनं ज्वारीच्या रिकाम्या कोठीत बसवून वर झाकण ठेवलं होतं. गीतांजली बाथरूममध्ये गेली, तोंड धुतलं आणि परत खुर्चीवर येऊन बसली, कारण ड्युटी सहापर्यंत होती.

पंधरा ऑगस्टला मैदानावर तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. चार वर्षांत कोणी तिचा चेहरा पाहिला नव्हता. कंट्रोल रूममध्ये बसणारी बाई म्हणजे शेजारणींच्या हिशेबी नुसती टेलिफोनवाली. त्या दिवशी मात्र लोक उठून तिच्यासोबत फोटो काढत होते. प्रीतम नावाचा एक पोरगा माइक घेऊन आला. त्याचं यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल होतं.

"ताई, नेमकं काय झालं, लोकायले ऐकायचं हाय."

तिच्या साहेबांनी तिला सकाळीच सांगितलं होतं, नाव नाही, गाव नाही. तिनं नाव सांगितलं नाही, गावही सांगितलं नाही. पण समोर दहा-बारा माणसं गोळा झाली होती, आचल शाळेच्या गणवेशात हरखून बघत होती, आणि गीतांजली बोलत गेली. बार्शीटाकळी तालुका, आपलं माहेरच तिकडचं, म्हणून गावं तोंडपाठ. पाचव्या नावाला टिचकी आली. मग शाळा, मारुती, टाकी. टाकीवर टिचकी आली. हे सांगताना तिनं प्रीतमच्या माइकवर नखानं वाजवूनही दाखवलं.

तो व्हिडिओ दोन दिवसांत चार लाख लोकांनी पाहिला. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी तशीच दिली. किशोरच्या मित्रांनी चौकात तिचा मोठा फ्लेक्स लावला, खाली दुकानाचं नाव आणि किशोरचा मोबाइल नंबर. तीन दिवस ती स्वतःचाच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होती. हे तिनं मला फार शरमेनं सांगितलं.

चौथ्या दिवशी कंट्रोल रूमच्या साध्या फोनवर तिच्यासाठी फोन आला.

"टिचकीवाल्या मॅडम हायेत काय?"

"मीच. कोण बोलते?"

"मी टाकीजवळची."

गीतांजली उभी राहिली. हा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. मे महिन्यात तिनं फक्त श्वास ऐकला होता.

"बाई, कशा आहात तुमी? कुठं आहात?"

"मायजवळ. अंजनगावले. मे महिन्यात ज्या नंबरावरून फोन आलता ना, तो मी कागदावर लिहून ठेवलता." मग ती म्हणाली, "मॅडम, तुमी टाकी कावून सांगतली?"

गीतांजलीला आधी कळलंच नाही.

"सासरच्यायले वाटे, गावातल्या किराणा दुकानवाल्यानं पोलिसायले फोन केला. माह्याजवळ फोन हाय हेच कोणाले मालूम नोतं. मायनं चोरून दिलता. ते मले म्हणत, तुही काही चूक नाई, तू बयान बदल, घरी ये. मी हो-नाई म्हणत दिवस काढून राहिलती. काल दीर आला. अंगणात उभं राहून मोबाइलवर तुमचं बोलणं लावलं त्यानं. पुरं आयकवलं. तालुका, पाचवं गाव, टाकी. मंग म्हणे, तूच वाजवत होती काय टकटक? आता कुलदीपले सांगतो जेलात जाऊन."

कुलदीप म्हणजे तिचा नवरा.

"मी नाव नाई घेतलं," गीतांजली कशीबशी म्हणाली.

"टाकीजवळ आमचं एकच घर हाय, मॅडम. पुढच्या हप्त्यात त्याच्या जामिनाची तारीख हाय. तुमी वाचवलं मले, ते खरं हाय. पण हे कावून केलं?"

उत्तराची वाट न पाहता तिनं फोन ठेवला.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी अंजनगाव सुर्जीच्या पोलिसांशी बोलून त्या गल्लीत गस्त लावायला सांगितली आणि सरकारी वकिलांना कळवलं. गीतांजलीनं प्रीतमला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माहा सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ हाय तो." मग तिनं कारण सांगितलं. पोरगा वाईट नव्हता, त्यानं ती फोनवर असतानाच व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता. कोणी त्याला गाणं लावलं होतं, कोणी तिच्या डोक्यामागं सोनेरी वलय लावलं होतं. संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ परत तिलाच आला, खाली हात जोडल्याच्या खुणा.

कुलदीपला जामीन मिळाला. अंजनगाव तालुक्यात पाय ठेवायचा नाही आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची, अशा अटी होत्या.

जामिनानंतरच्या गुरुवारी दुपारी आचल शाळेतून दुकानावर आली होती. किशोर गिऱ्हाइकासोबत होता म्हणून त्याचा फोन तिनं उचलला. घरी आल्यावर ती म्हणाली, "मम्मी, कोणी बोलतच नोतं. नुसतं टकटक वाजवून राहिलं होतं."

गीतांजलीनं सिंकचा नळ बंद केला.

"किती वेळा?"

"काय मालूम. मी ठेवून दिला."

किशोर आला आणि त्यानं ऐकलं. तो चौकात गेला, फ्लेक्स उतरवून गुंडाळून घेऊन आला आणि मग बायकोवर ओरडला. "तुले कोणी सांगतलं होतं त्या पोट्ट्याजवळ एवढं बोलायले? पोरगी एकटी शाळेत जाते आपली!" ती उरलेली भांडी घासत राहिली. थोड्या वेळानं तोच जवळ येऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून तो आचलला शाळेत सोडू आणि आणू लागला. गीतांजली ड्युटीवर जाताना प्रत्येक सिग्नलला मागं वळून पाहायची. हेल्मेट घातलेला प्रत्येक माणूस तिला कुलदीप वाटायचा, आणि कुलदीप दिसतो कसा हेही तिला माहीत नव्हतं. साहेबांकडून तिनं त्याचा फोटो मागून घेतला. साधा चेहरा होता, दाढी केलेला, बँकेच्या रांगेत दिसतो तसा. त्यानं तिला जास्तच भीती वाटली.

किशोरच्या मोबाइलवर दुसरा फोन सोमवारी आला. यावेळी तो गीतांजलीनंच घेतला. पलीकडून नखाचा आवाज आला. टक. टक. टक. टक. टक. मग श्वास. मग बंद.

तिनं मोजलं होतं, पाच. पाचवं गाव.

सिम तिसऱ्याच कोणाच्या नावावर होतं. टॉवर अकोटचा निघाला. कुलदीपनं सकाळी ठाण्यात येऊन सही केली होती, त्यामुळं कागदावर सगळं ठीक होतं. वाहेदभाई म्हणाले, "ताई, तुले घाबरवून राहिला तो." ती म्हणाली, "वाहेदभाई, अकोटवरून अंजनगावले किती वेळ लागते?" एसटीनंही फार वेळ लागत नाही.

त्याच आठवड्यात अमरावतीला दुसरा सत्कार होता. एका मोठ्या संस्थेनं विभागातल्या दहा महिला निवडल्या होत्या आणि गीतांजलीचं नाव पत्रिकेत पहिलं छापलं होतं. तिनं साहेबांना सांगितलं, मी जात नाही. साहेब म्हणाले, "नाव जाहीर झालं आहे. जा, शाल घे, काही बोलू नको, परत ये." अमरावतीला सभागृहात पोहोचली तर आयोजक बाई हसत सामोऱ्या आल्या. "मॅडम, दोनच मिनिटं. चॅनलवाले आलेत. ते टकटक तेवढं करून दाखवायचं हं." मंचावर एक लाकडी टेबल ठेवलं होतं, त्यावर माइक आडवा.

ती पहिल्या रांगेत बसली. समोर तीन कॅमेरे होते. सूत्रसंचालक कोणाची तरी कविता म्हणत होता. पावणेबाराला तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. वाहेदभाई होते.

"ताई, किशोरले तिसरा फोन आला आता. पाच वेळा वाजवलं. आपल्या पोरायनं लोकेशन काढलं." त्यांचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. "टॉवर अंजनगावचा दाखवून राहिला."

त्याच क्षणी तिचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या सुरू झाल्या.

गीतांजली मंचावर चढली. शाल घेऊन उभ्या असलेल्या बाईंच्या बाजूनं ती सरळ पुढं गेली आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये बसलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या कानाशी वाकली. "सर, जामिनावरचा आरोपी अंजनगावात शिरला आहे. बाई धोक्यात आहे." अधिकारी बसल्या जागेवरून उठले आणि फोन काढत पडद्यामागं गेले. गीतांजली त्यांच्या मागोमाग. टाळ्या आधी विस्कळीत झाल्या, मग थांबल्या. कॅमेरे पडद्याकडं वळले.

पडद्यामागं उभं राहून तिनं मनकर्णाच्या भावाला, गोपालला, फोन लावला. नंबर साहेबांनी दिलेला होता. तिनं आपलं नाव सांगितलं.

"कोण? त्या व्हिडिओवाल्या मॅडम?" त्यानं फोन कापला.

तिनं परत लावला. "दादा, शिव्या मंग द्या मले. मनकर्णा कुठं हाय?"

"कावून?"

"तुमचे जावई अंजनगावात हायेत. मनकर्णा कुठं हाय, सांगा."

मग गोपालचा आवाज बदलला. "पोरीले ताप होता. बसस्टँडजवळच्या दवाखान्यात गेली. एकटीच."

गोपाल शेतातून मोटारसायकलवर निघाला. अधिकाऱ्यांनी अंजनगावच्या ठाण्याला दवाखान्याची जागा सांगितली. आणि गीतांजलीला करण्यासारखं काही उरलं नाही. कंट्रोल रूममध्ये निदान कानाला फोन असतो, समोर नकाशावर गाडी सरकताना दिसते. इथं एक फाटका पडदा होता आणि रिकाम्या खोक्यांचा ढीग. मनकर्णाकडं आता मोबाइल नव्हता. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला तो साधा, दाढी केलेला चेहरा दिसत होता आणि तापानं फणफणलेली पोरगी दिसत होती. आपण घेतलेली शाळा, मारुती, टाकी ही नावं कानात एकामागून एक येत होती. एक पत्रकार पडद्यातून आत डोकावला. "मॅडम, तुम्ही पुरस्कार नाकारला का? निषेध आहे का?" तिनं मान फिरवली. त्यानं तेवढ्यात फोटो काढला.

एकोणीस मिनिटांनी अधिकाऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, दोनदा "हो" म्हटलं, आणि मग तिच्याकडं वळले.

"सापडला. दवाखान्यासमोरच्या रसवंतीवर बसला होता. पिशवीत विळा होता."

"आणि ती?"

"आत नंबर लावून बसली होती. तिला काही माहीतच नव्हतं."

गीतांजली तिथंच दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. आयोजक बाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी टकटकीचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी एका चॅनलवर पट्टी चालली की महिला पोलिसानं भर सभेत सन्मान नाकारला. दुसऱ्यानं लिहिलं, सत्काराच्या वेळी भावुक झाल्या. खरं काय ते विचारायला सात जणांचे फोन आले. प्रीतमचाही आला. "ताई, मी नाई विचारत," तो म्हणाला. "तुमी ठीक आहात ना, एवढंच." तिनं कोणाला काही सांगितलं नाही. अटी मोडल्या म्हणून कुलदीपचा जामीन रद्द झाला आणि खटला उभा राहिला. मनकर्णानं बयान बदललं नाही. कोर्टात तिनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं.

निकालात कुलदीपला शिक्षा झाली, त्यानंतर ती पोरीला घेऊन दुसरीकडं राहायला गेली. कुठं, ते गोपालला माहीत आहे. त्यानं एकदा गीतांजलीला सांगायला सुरुवात केली होती. तिनं त्याला मध्येच थांबवलं. "दादा, मले नका सांगू." मनकर्णानं तिला माफ केलं की नाही, हे तिला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. गोपालनं एवढंच सांगितलं की पोरगी शाळेत जाते.

अमरावतीचं सन्मानचिन्ह पुढं टपालानं आलं. ते खोक्यातच आहे. किशोरनं दुकानाचा नंबर बदलला. आचल आता एकटी शाळेत जाते, पण पोहोचली की शाळेतल्या बाईंच्या फोनवरून आईला कळवते, आणि तो फोन येईपर्यंत गीतांजली पाणी पीत नाही. कंट्रोल रूममध्ये नवीन पोरी आल्या की पहिल्या दिवशी रिटायर झालेल्या वाहेदभाईंच्या जागेवर आलेली बाई त्यांना वायरलेस शिकवते, आणि गीतांजली त्यांना ही गोष्ट सांगते, नाव-गाव वगळून, आपली चूक न वगळता. ही तिनं मला सांगितली तेव्हाही दोनदा उठून दार लावलेलं आहे का ते पाहून आली. मग घड्याळ पाहिलं, तिची ड्युटी दोनला सुरू होत होती, आणि ती स्कूटी काढून निघाली.